कॉम्प्युटर सायन्समधली पीएचडी संपत आली असेल, तर आधी बंद होणारं दार आधी बघा

थिसिस जमा करून हॉस्टेलवर परत आलात की दोन फोन ठरलेले असतात. एक घरून: ‘झालं ना एकदाचं? मग आता नोकरी कुठे?’ दुसरा हॉस्टेलच्या ऑफिसातून, खोली कधी रिकामी करताय हे विचारायला. या दोन्हींची उत्तरं त्या दिवशी शोधायला बसलात तर उशीर झालेला असतो. म्हणून हे सगळं मी मुख्यतः चौथ्या-पाचव्या वर्षातल्यांसाठी लिहितो आहे. नुकताच व्हायवा, म्हणजे थिसिसची तोंडी परीक्षा, झाला असेल तरी बरंचसं कामी येईल.

मी सांगलीकडच्या एका कॉलेजात दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, मग डेटाबेसमध्ये पीएचडी केली, दोन वर्षं जर्मनीत पोस्टडॉक (पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी) केला आणि आता पुण्यात एका कंपनीच्या संशोधन विभागात आहे. मधल्या काळात एका फेलोशिपची वयोमर्यादा माझ्या हातून चार महिन्यांनी निसटली. एक पेपर आणखी चांगल्या ठिकाणी छापून यावा म्हणून मी थांबलो होतो. पेपर आला, पण तोवर अर्ज भरायचा हक्क गेला होता. त्यानंतर माझ्याकडे सल्ला मागायला आलेल्या प्रत्येकाला मी आवडीनिवडीच्या आधी एक गोष्ट करायला सांगतो: तुमच्यासमोरची दारं कोणत्या क्रमानं बंद होतात ते कागदावर लिहा. कंपनीतली नोकरी पीएचडीनंतर सहा महिन्यांनी मिळते, तशी सहा वर्षांनीही मिळते. पोस्टडॉक, सुरुवातीच्या फेलोशिप आणि आयआयटीतली पहिली पायरी यांचं तसं नाही.

पहिलं काम: मधल्या महिन्यांचे पैसे

थिसिस जमा करणं आणि डिग्री मिळणं यांत मोठं अंतर असतं. थिसिस बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, त्यांचे रिपोर्ट यावे लागतात, मग व्हायवाची तारीख ठरते. तीन महिन्यांत सगळं आटोपलेले नशीबवान मी पाहिलेत आणि वर्ष लागलेलेही. या काळात फेलोशिप बहुतेक ठिकाणी थांबलेली असते; पाच वर्षं उलटली की तर थांबतेच. ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचे (जेआरएफ) महिन्याला ३७,००० आणि सीनिअरचे (एसआरएफ) ४२,००० यांतून मोठी शिल्लक पडत नाही हे मला ठाऊक आहे, विशेषतः घरी पैसे पाठवावे लागत असतील तर. तरीही शेवटच्या वर्षात निदान चार महिन्यांचा खर्च बाजूला पडेल असं बघा.

दुसरा उपाय गाईडशी मोकळेपणानं बोलण्याचा. त्यांच्या प्रोजेक्टवर रिसर्च असोसिएट म्हणून काही महिने ठेवता येतं का, संस्थेची स्वतःची छोटी पोस्टडॉक योजना आहे का, हे थिसिस जमा करायच्या तीन-चार महिने आधी विचारा. इथे ताकाला जाऊन भांडं लपवू नये. ‘सर, मला जूनपासून पगाराची गरज आहे’ असं सरळ वाक्य बोलायला मला स्वतःला तीन आठवडे लागले होते. सरांनी मात्र दोन मिनिटांत मार्ग काढला.

कॅलेंडर उलटं मोजा

समजा थिसिस जुलैत जमा करायचा आहे. अमेरिकेतल्या प्राध्यापकपदांचे अर्ज त्याच्या आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरात भरले जातात आणि मुलाखती वसंतात होतात. युरोपातल्या पोस्टडॉकसाठी सहा ते नऊ महिने आधी पत्रव्यवहार सुरू झालेला बरा. आयआयटींच्या जाहिराती बऱ्याचदा वर्षभर खुल्या असतात, पण अर्ज भरल्यापासून निवड समितीची बैठक होईपर्यंत सहा महिने सहज जातात, कधी वर्षही. कंपन्या सगळ्यांत वेगवान: दोन ते चार महिन्यांत ऑफर हातात. म्हणजे अर्जांचा क्रम आपोआप ठरतो. सगळ्यांत संथ दार आधी ठोठवायचं, वेगवान दार शेवटी.

याच कागदावर वयाच्या आणि वर्षांच्या मर्यादा लिहा. इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपची सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ आहे. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपची ३५. ती आधी सर्ब हे केंद्र सरकारचं मंडळ द्यायचं, आता सर्बचं काम अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे गेलं आहे. महिलांना आणि आरक्षित गटांना सवलत असते. आयआयटींच्या जाहिरातीत असिस्टंट प्रोफेसरसाठी ‘शक्यतो ३५च्या आत’ असं वाक्य नेहमी दिसतं. जर्मनीत विद्यापीठातल्या मुदतीच्या करारांना पीएचडीनंतर साधारण सहा वर्षांची कायदेशीर मर्यादा आहे. हे आकडे पाठ करून भागत नाही, दर वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. आणि मूल झाल्यामुळे किंवा आजारपणामुळे मध्ये खंड पडला असेल तर त्या काळाची सूट मिळते का, हे मेल पाठवून विचारा. माझ्या ओळखीतल्या दोघींनी केवळ ‘मिळत नसेल’ असं समजून अर्जच केला नाही.

आपलं काम तीन लांबीत सांगायला शिका

दोन वाक्यांत, दोन मिनिटांत आणि पंचेचाळीस मिनिटांत. दोन वाक्यं आईला मराठीतून सांगून बघा. ‘बँकेतल्या दोन माणसांनी एकाच क्षणी एकाच खात्यातून पैसे काढले तर हिशेब चुकू नये, आणि रांगही थांबू नये, यासाठीची पद्धत मी शोधली’ हे सांगता येईपर्यंत मला माझाच थिसिस नीट कळला नव्हता असं आज वाटतं. दोन मिनिटांचं रूप त्याच विषयातल्या पण वेगळ्या शाखेतल्या माणसासाठी. निवड समितीत तुमच्या शाखेचा एखादाच असतो, बाकीचे नेटवर्क, ग्राफिक्स, अल्गोरिदमवाले असतात. पंचेचाळीस मिनिटांचं रूप म्हणजे जॉब टॉक. पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांना कळली पाहिजेत, पुढची पंधरा तज्ज्ञांना पटली पाहिजेत आणि शेवटी पुढच्या पाच वर्षांत काय करणार हे दिसलं पाहिजे. लॅबमधल्या मित्रांसमोर तीनदा करून बघा. एकदा दुसऱ्या विभागातल्या कुणालातरी बसवा.

सोबत एक साधं वेबपेज, अद्ययावत सीव्ही, आणि डीबीएलपी या संगणकशास्त्रातल्या पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर तुमच्या नावाच्या दुसऱ्या माणसाचे पेपर तुमच्यात मिसळलेले नाहीत ना, याची खात्री. पाटील, जोशी, कुलकर्णी, शिंदे आडनावाच्यांनी हे नक्की बघावं.

संशोधन संस्थांमधली प्राध्यापकी

आयआयटी, आयआयएस्सी, आयसर, चांगल्या ट्रिपल-आयटी, मुंबईतली टीआयएफआर, चेन्नईतली सीएमआय आणि आयएमएससी ही एक जातकुळी. इथे सीव्ही, रिसर्च स्टेटमेंट, टीचिंग स्टेटमेंट आणि तीन-चार लोकांची रेफरन्स लेटर मागतात. विभाग आधी निवडतो, मग सेमिनार होतं, मग निवड समितीची मुलाखत.

आयआयटीत दोन पायऱ्या आहेत. पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव नसेल तर असिस्टंट प्रोफेसर ग्रेड २, आणि तो पुरा झाला की ग्रेड १, ज्याचं मूळ वेतन १,०१,५०० पासून सुरू होतं. पोस्टडॉकची वर्षं या अनुभवात धरली जातात. अनेकांना ग्रेड २ म्हणजे कमीपणा वाटतो. मला तसं वाटत नाही. लवकर रुजू झालात तर विद्यार्थी लवकर मिळतात, स्वतःचा विषय लवकर उभा राहतो. फक्त एक तपासा: तुमच्या गाईडशिवाय लिहिलेला एखादा तरी पेपर आहे का? नसेल तर समिती हाच प्रश्न विचारणार, आणि तो रास्त आहे.

लेटरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे आपली मुलं हमखास कमी पडतात. आपल्याकडे गाईडखेरीज कुणाशी बोलायची सवय नसते. परिषदेत पेपर वाचला, फोटो काढला, परत आलो. तुमचा पेपर ज्यांनी वाचला असेल, ज्यांच्या कामावर तुमचं काम उभं आहे, अशा दोन माणसांशी तिसऱ्या वर्षापासून संबंध ठेवा. नेमका प्रश्न विचारणारा मेल पाठवा, त्यांच्या पद्धतीत चूक सापडली तर नम्रपणे कळवा, इंटर्नशिप मागा. दर डिसेंबरात देशात होणारी एफएसटीटीसीएस ही सैद्धांतिक संगणकशास्त्राची परिषद असो की डेटाबेसवाल्यांची कोमॅड, प्रवासखर्चाची मदत बहुधा मिळते. जेवणाच्या रांगेत आपल्याच लॅबच्या घोळक्यात उभं राहू नका.

राज्यातली विद्यापीठं आणि कॉलेजं

हा भाग लिहिताना मला जड जातं, पण लपवण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात कायम पदांच्या भरत्या रखडतात आणि दरम्यान पीएचडीधारक माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवतात. तासागणिक मानधन, सुट्टीत काहीच नाही. तुम्हाला गावाजवळ राहायचं असेल, शिकवण्याची मनापासून ओढ असेल, तर हा मार्ग सन्मानाचाच आहे. तासगाव-इस्लामपूरच्या एखाद्या मुलीला कंपायलर नीट समजावून सांगणारा माणूस लागतोच. पण डोळे उघडे ठेवून जा.

नियम आधी समजून घ्या. इंजिनिअरिंग कॉलेजं एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या निकषांवर चालतात. तिथे असिस्टंट प्रोफेसर एमटेकवर होता येतं, असोसिएट प्रोफेसरसाठी पीएचडी लागते. म्हणजे बढतीच्या वेळी तुमची पीएचडी मोलाची ठरते. विज्ञान शाखेतल्या कॉम्प्युटर सायन्स विभागांना यूजीसीचे नियम लागू होतात, तिथे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा मधे येते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. यूजीसी वेतनश्रेणीतलं असिस्टंट प्रोफेसरचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आणि आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन. त्यावर नॅक आणि एनबीए या मूल्यांकन संस्थांसाठीच्या फायली.

आणखी एक अडचण आपल्या विषयाचीच आहे. संगणकशास्त्रात मोठं काम परिषदांमध्ये छापलं जातं: व्हीएलडीबी, सिगमॉड, स्टॉक, न्यूरिप्स. भरती-बढतीच्या गुणांकनाचे तक्ते मात्र जर्नल डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. या मार्गानं जायचं असेल तर थिसिसमधल्या निदान एका परिषद-पेपरचा विस्तार करून तो जर्नलला पाठवाच, आणि ते काम थिसिस ताजा असताना करा. पैसे घेऊन महिन्याभरात छापणाऱ्या जर्नलांच्या वाटेला जाऊ नका. पुढे पंधरा वर्षांनीही ती नावं सीव्हीवरून पुसता येत नाहीत.

पोस्टडॉक करावा का?

पुढे संशोधन संस्थेतच जायचं नक्की असेल तर करावा. ‘अजून काही ठरत नाही’ म्हणून करू नये. दोन वर्षांनी तोच प्रश्न वाढलेल्या वयासह समोर उभा राहतो.

२००२ साली कानपूरच्या आयआयटीतून निघालेला मूळ संख्या ओळखण्याचा अल्गोरिदम सगळ्यांना माहीत असतो. मणींद्र अग्रवाल यांच्यासोबत त्यावर काम करणारे नीरज कयाल आणि नितीन सक्सेना तेव्हा नुकतेच बीटेक झाले होते. दोघांनी पीएचडी कानपूरलाच केली. पुढे कयाल अमेरिकेत प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी आणि रटगर्समध्ये पोस्टडॉक करून बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये गेले. सक्सेना ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआयमध्ये आणि नंतर जर्मनीत बॉनमध्ये राहून कानपूरला प्राध्यापक म्हणून परतले. एकाच पेपरपासून निघालेल्या दोन वाटा, एक कंपनीच्या प्रयोगशाळेकडे, एक आयआयटीकडे. आणि इतकं मोठं काम नावावर असूनही दोघांनी पोस्टडॉक केला. नव्या लोकांसोबत नवा प्रश्न हाताळायला शिकण्याची ती जागा असते.

निवडताना शहर नंतर बघा, माणूस आधी. त्यांच्याकडे आधी राहून गेलेल्या दोन-तीन पोस्टडॉकना थेट विचारा: स्वतःचं काम करायला किती वेळ मिळायचा? प्रवासाचे पैसे होते का? पुढे कुठे गेलात? करार एका वर्षाचा देऊ केला तर दोन वर्षांचा मागा. पहिले सहा महिने घर, व्हिसा आणि बँकेत जातात, आणि एका वर्षाच्या करारात सातव्या महिन्यापासून पुढची नोकरी शोधावी लागते. जोडीदाराला तिथे काम करण्याचा परवाना मिळतो का, हे लग्नाआधी किंवा निदान तिकिटाआधी नीट वाचा. माझ्या पत्नीनं नोकरी सोडून यायचं ठरवलं तेव्हा आम्ही हा विचार पुरेसा केला नव्हता. तिची ती दीड वर्षं कठीण गेली.

अमेरिकेत पीएचडी केली असेल तर तिथलं गणित वेगळं आहे. ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने आणि एसटीईएम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित) विषयांना आणखी २४. एच-१बी या कामाच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा विद्यापीठांना लागू नसते, कंपन्यांना असते. त्यामुळे विद्यापीठातल्या पोस्टडॉकला व्हिसाच्या लॉटरीत नशीब आजमावावं लागत नाही. व्हिसाचे नियम आणि शुल्क सतत बदलतात, तेव्हा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाखेरीज कुणाच्याही सांगण्यावर, माझ्यासुद्धा, निर्णय घेऊ नका.

कंपन्या

‘इंडस्ट्री’ या एका शब्दात तीन वेगळ्या नोकऱ्या दडलेल्या आहेत.

पहिली शुद्ध संशोधन प्रयोगशाळा. पुण्यात टाटांची टीआरडीडीसी १९८१ पासून आहे. आयबीएमची प्रयोगशाळा १९९८ला दिल्लीत सुरू झाली, मायक्रोसॉफ्ट रिसर्च २००५ला बंगळुरूत आली, गूगल रिसर्च २०१९ला. जागा फार थोड्या असतात आणि निवड जवळपास प्राध्यापकीसारखीच होते: टॉक, लेटर, दिवसभर एकेकाशी गप्पा. दुसरी अप्लाईड सायंटिस्टची: संशोधन आहे, पण ते उत्पादनात उतरलं पाहिजे, आणि तेही तिमाहीच्या हिशेबात. तिसरी सरळ सॉफ्टवेअर इंजिनिअरची, जिथे पीएचडी असली तर सुरुवात एखादी पायरी वरून होते. तिन्हीत कमी-जास्त असं मी मानत नाही. तुम्हाला प्रश्न स्वतः निवडायला आवडतात, की दिलेला प्रश्न तडीला न्यायला आवडतो, यावर ठरवा.

दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात कोडिंगच्या फेऱ्या असतात, आणि पाच वर्षं प्रमेयं किंवा प्रयोग करत बसलेल्यांची तिथेच दमछाक होते. दोन महिने रोज दीड तास सराव करा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शक्य असेल तर तिसऱ्या-चौथ्या वर्षात एक इंटर्नशिप कराच. माझ्या पाहण्यातल्या निम्म्याहून जास्त ऑफर तिथूनच आलेल्या आहेत.

ऑफर हातात आली की हे विचारा. पेपर छापायची परवानगी कोण देतं, साधारण किती दिवसांत? परिषदेला पाठवतात का? पगारातला किती भाग रोख आणि किती शेअरच्या रूपात? शेअर बहुधा चार वर्षांत वाटून मिळतात आणि अनेक ठिकाणी पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत एकही पदरात पडत नाही. नोटीस पीरियड किती? भारतात ९० दिवसांचा सर्रास असतो आणि पुढे एखादी चांगली जागा चालून आली की तोच आडवा येतो.

प्रयोगशाळा कायमची असते असं धरून चालू नका. मायक्रोसॉफ्टनं सिलिकॉन व्हॅलीतली आपली संशोधन प्रयोगशाळा सप्टेंबर २०१४ मध्ये बंद केली आणि जगभरात नावाजलेले सिद्धांतकार एका दिवसात नोकरीबाहेर आले. त्यांना विद्यापीठांनी आणि इतर कंपन्यांनी घेतलं, कारण त्यांचं काम उघडपणे छापलेलं होतं. कंपनीतून पुन्हा प्राध्यापकीकडे यायचा रस्ता उघडा ठेवायचा असेल, तर वर्षाला एक तरी पेपर आणि जमल्यास जवळच्या कॉलेजात एखादा कोर्स, एवढं चालू राहू द्या. तीन-चार वर्षं काहीच छापलं नाही तर ते दार हळूच लागतं. कुणी तसं कळवत नाही.

सरकारी बाजूला पुण्याची सी-डॅक आहे, १९८८ची, जिथे १९९१ला परम ८००० हा महासंगणक तयार झाला. डीआरडीओ आहे, बार्क आहे. अर्ज करण्याआधी जाहिरात कायम पदाची आहे की कंत्राटी, हे नीट वाचा.

स्वतःची कंपनी काढायची असेल तर आनंद देशपांडे यांचं उदाहरण पुण्यातल्यांना परिचयाचं आहे. इंडियाना विद्यापीठातून पीएचडी, मग कॅलिफोर्नियात एचपीच्या प्रयोगशाळेत काम, आणि १९९०ला पुण्यात परत येऊन पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी. त्यांचा विषय डेटाबेस होता आणि कंपनीची सुरुवातही त्याच ज्ञानावर झाली. थिसिसमधल्या कल्पनेवर कंपनी उभी करणार असाल, तर त्या कल्पनेचे आणि कोडचे हक्क तुमचे की संस्थेचे, हे पहिला रुपया लावण्याआधी संस्थेच्या बौद्धिक संपदा कार्यालयाकडून लेखी घ्या.

व्हायवानंतरचे आठवडे

प्रोव्हिजनल सर्टिफिकेट लगेच मागा. रुजू होताना बहुतेक ठिकाणी ते चालतं, पदवीदान वर्षभरानं होतं. ट्रान्स्क्रिप्टच्या पाचएक प्रती सीलबंद करून घ्या. शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या थिसिसांच्या ऑनलाइन संग्रहावर, थिसिस चढला का ते बघा. गाईडच्या सर्व्हरवरचा आपला डेटा आणि कोड, त्यांच्या परवानगीनं, उतरवून घ्या. लॉगिन एक दिवस अचानक बंद होतं. अर्धवट राहिलेला पेपर असेल तर नव्या नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत संपवा, त्यानंतर तो संपत नाही.

आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. व्हायवा झाल्यावर आनंद होतो, पेढे वाटले जातात, आणि मग दोन-तीन आठवड्यांनी फार रिकामं वाटतं. सकाळी उठून विचार करायला तो प्रश्न नसतो. मी तेव्हा घाबरलो होतो, आपल्याला हे काम कधी आवडतच नव्हतं की काय असं वाटलं. तसं नव्हतं. हे बहुतेकांना होतं. महिना-दोन महिने झोप आणि भूक ठीक नसेल तर डॉक्टरांकडे जा. अनेक संस्थांमधले समुपदेशक माजी विद्यार्थ्यांशीही बोलतात. लॅबमधल्या मागे राहिलेल्या मित्रांना फोन करत राहा, त्यांनाही तो हवा असतो.

रुजू होण्याची तारीख ठरवताना म्हणूनच एक महिना मोकळा मागा. ‘मी १ तारखेला येतो’ याऐवजी ‘मी पुढच्या महिन्याच्या १ तारखेला येतो’ एवढंच बोलायचं असतं. मी विचारलं तेव्हा समोरून एका ओळीत ‘चालेल’ असं उत्तर आलं होतं.